रोझरी

रोझरी ही कॅथलिक ख्रिस्ती लोकांची मण्यांच्या माळेवर म्हटली जाणारी प्रार्थना आहे. ज्या माळेवर ही प्रार्थना म्हणतात त्या माळेलाही रोझरी हेच नाव आहे. मराठी कॅथलिकांत तिला जपमाळ किंवा पवित्र माळ असेही म्हणतात. गोव्यात आणि कोकणी भाषकांत 'तेर्स' हा शब्द रूढ आहे. येशू ख्रिस्त व त्याची आई मरिया यांच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे चिंतन करीत एकदा 'प्रभूची प्रार्थना' आणि दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणावयाची, आणि असे पाच गट पूर्ण करावयाचे, हा तिचा सर्वसाधारण क्रम होय.

रोझरी हा मिस्सेसारखा विधी नव्हे. तिला वेदी लागत नाही, धर्मगुरू लागत नाही, पुस्तक लागत नाही; वाचता येण्याचीही गरज नाही. कॅथलिक उपासनेत धर्मगुरूचे स्थान किती मध्यवर्ती आहे हे लक्षात घेता ही गोष्ट असामान्य आहे, आणि रोझरीच्या इतिहासाचा बराचसा उलगडा तिच्यामुळेच होतो.

नाव

'रोझरी' हा शब्द लॅटिन 'रोझारियुम' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ गुलाबांचा ताटवा असा आहे. मध्ययुगीन युरोपात मरियेच्या मूर्तीला गुलाबांचा मुकुट अर्पण करण्याची प्रथा होती. प्रत्येक प्रार्थना म्हणजे एक फूल आणि प्रार्थनांची माळ म्हणजे फुलांचा मुकुट, या कल्पनेतून हे नाव स्थिरावले. इंग्रजी भाषेत मण्याला 'बीड' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ 'प्रार्थना' असाच होता. प्रार्थना मोजण्याच्या साधनाला प्रार्थनेचेच नाव मिळाले आणि पुढे ते कोणत्याही मण्याला लागू झाले.

'तेर्स' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणीत आला. त्याचा अर्थ 'तिसरा हिस्सा'. पूर्ण रोझरीत पूर्वी १५ गट, म्हणजे १५० वेळा 'नमो मरिया' असे. रोजच्या प्रपंचात एवढा वेळ काढणे कठीण, म्हणून त्यांपैकी पाच गट, म्हणजे एक तृतीयांश भाग, दररोज म्हणण्याचा प्रघात पडला. २००२ नंतर गटांची संख्या २० झाल्याने हा हिस्सा आता हिशेबाने चौथा ठरतो. परंतु नाव बदललेले नाही.

माळेची रचना

प्रचलित माळेत ५९ मणी असतात. त्यांपैकी ५३ मणी 'नमो मरिया'चे आणि सहा 'प्रभूच्या प्रार्थने'चे. ही संख्या पाच गटांच्या हिशेबात बसत नाही असे प्रथमदर्शनी वाटते, कारण पाच गटांचे मणी ५० होतात. उरलेले तीन मणी माळेच्या वर्तुळात नसून वर्तुळाला जोडलेल्या लोंबत्या सरीत असतात. या सरीच्या टोकाला क्रूस, मग एक मणी, मग तीन मणी, मग पुन्हा एक मणी आणि त्यानंतर वर्तुळाला जोडणारे पदक अशी मांडणी असते. वर्तुळात दहा-दहा मण्यांचे पाच गट असून त्यांच्या मध्ये चार सुटे मणी असतात. पहिल्या गटाची 'प्रभूची प्रार्थना' सरीतील शेवटच्या मण्यावर म्हटली जाते, त्यामुळे पाच गटांना वर्तुळात चारच सुटे मणी पुरतात. सुटा मणी बहुधा थोडा मोठा असतो किंवा दोन्ही बाजूंना साखळीचे अंतर ठेवून वेगळा काढलेला असतो, जेणेकरून अंधारातही बोटांना तो ओळखता यावा.

म्हणण्याची पद्धत

प्रारंभी क्रूस हाती घेऊन क्रुसाची खूण करतात आणि 'प्रेषितांचा विश्वासांगीकार' म्हणतात. पुढील मण्यावर 'प्रभूची प्रार्थना', त्यानंतरच्या तीन मण्यांवर विश्वास, आशा व प्रीती या सद्गुणांसाठी तीन वेळा 'नमो मरिया' आणि त्यानंतर पवित्र त्रैक्याची स्तुती होते. येथून पहिला गट सुरू होतो. गटाच्या आरंभी त्या दिवसाच्या प्रसंगाचे नाव उच्चारले जाते. क्षणभर थांबून 'प्रभूची प्रार्थना', मग दहा मण्यांवर दहा वेळा 'नमो मरिया', शेवटी पुन्हा त्रैक्याची स्तुती. अनेक ठिकाणी यानंतर फातिमाची म्हणून ओळखली जाणारी छोटी प्रार्थना जोडतात. पाच गट झाले की मरियेला उद्देशून एक समारोपाची प्रार्थना होते. या सर्वाला साधारण वीस मिनिटे लागतात.

समूहात रोझरी म्हणताना एकजण प्रत्येक प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतो व बाकीचे उत्तरार्धाने साथ देतात. यामुळे एक संथ, भरती-ओहोटीसारखी लय तयार होते. घरात हा पुढाकार गटागणिक बदलतो. एक गट आजीचा, पुढचा वडिलांचा, त्यापुढचा एखाद्या लहान मुलाचा. प्रार्थना तोंडपाठ होण्याचे हेच वय आणि हीच शाळा.

रहस्ये

प्रत्येक गटासाठी नेमलेल्या प्रसंगाला 'रहस्य' म्हणतात. येथे रहस्य म्हणजे उकलायचे कोडे नव्हे; ज्याचा अर्थ एका वाचनात संपत नाही आणि ज्याकडे पुन्हा पुन्हा परतावे लागते, अशी घटना. रोझरीचा गाभा येथे आहे. ओठ आणि बोटे ठरलेले काम करीत राहतात आणि मन त्या अवधीत एका प्रसंगापाशी थांबते. दहा वेळा म्हटलेली प्रार्थना ही या थांबण्याची मुदत मोजते, असे म्हणता येईल.

आनंदाची रहस्ये सोमवारी व शनिवारी घेतली जातात. त्यांत गब्रिएल दूताने मरियेला दिलेला निरोप, मरियेने अलिशिबेची घेतलेली भेट, येशूचा जन्म, त्याचे मंदिरातील समर्पण आणि बारा वर्षांचा येशू हरवून मंदिरात सापडणे हे प्रसंग येतात. मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची रहस्ये असतात: गेथशेमाने बागेतील वेदना, फटक्यांची शिक्षा, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे व क्रुसावरील मरण. बुधवारी व रविवारी गौरवाची, म्हणजे येशूचे पुनरुत्थान, त्याचे स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचे आगमन, मरियेचे स्वर्गात उन्नयन आणि तिचा स्वर्गीय मुकुटविधी. यांतील शेवटचे दोन प्रसंग बायबलमध्ये कथन केलेले नाहीत. ते ख्रिस्तसभेच्या परंपरेतून आले आहेत. मरियेचे स्वर्गात उन्नयन हा अधिकृत धर्मसिद्धान्त म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५० साली घोषित केला, परंतु सामान्य भाविक माळ ओढताना त्याचे चिंतन त्यापूर्वी कित्येक शतके करीत होते.

या १५ प्रसंगांच्या मांडणीत एक मोठी पोकळी होती. आनंदाची रहस्ये येशूच्या बाराव्या वर्षी संपतात आणि दुःखाची रहस्ये त्याच्या अखेरच्या रात्री सुरू होतात. त्याचा उपदेश, त्याचे चमत्कार, त्याचे शिष्य यांपैकी काहीच या मालिकेत नव्हते. १६ ऑक्टोबर २००२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रात प्रकाशाची पाच रहस्ये सुचवून ही उणीव भरून काढली. यार्देन नदीतील बाप्तिस्मा, काना गावचे लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर व पवित्र मिस्साबलिदानाची स्थापना हे ते प्रसंग असून ते गुरुवारी घेतात. ही भर ऐच्छिक आहे. काही परंपरानिष्ठ भाविक आजही जुन्याच १५ रहस्यांना धरून आहेत, आणि त्यांच्या आग्रहामागे एक कारण आहे. ते १५० या संख्येत दडलेले आहे.

उगम

प्रार्थना मोजण्यासाठी साधन वापरण्याची रीत रोझरीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा पॉल नावाचा एक तपस्वी रोज ३०० प्रार्थना म्हणत असे आणि मोजणी चुकू नये म्हणून ३०० खडे ओटीत घेऊन एकेका प्रार्थनेनंतर एकेक खडा बाहेर टाकीत असे, अशी नोंद पल्लाडियस या लेखकाने केली आहे. अकराव्या शतकातील इंग्लंडची सरदारपत्नी गोडायव्हा हिने प्रार्थना मोजण्यासाठी वापरलेली रत्नांची माळ मरियेच्या मूर्तीला अर्पण करण्याची इच्छा मरतेसमयी व्यक्त केली होती.

पश्चिम युरोपातील मठांत जुन्या करारातील १५० स्तोत्रांचे पठण हा दिनक्रमाचा कणा होता. परंतु स्तोत्रे लॅटिनमध्ये होती आणि पोथ्या हाताने लिहिलेल्या, म्हणून दुर्मीळ. मठात श्रमाची कामे करणारे निरक्षर बंधू आणि मठाबाहेरचा शेतकरी-कारागीर यांना या पठणात भाग घेणे अशक्य होते. त्यांना १५० स्तोत्रांऐवजी १५० वेळा 'प्रभूची प्रार्थना' म्हणण्याची मुभा मिळाली, आणि पुढे मरियाभक्तीचा प्रसार होत गेला तशी तिची जागा 'नमो मरिया'ने घेतली. रोझरीला 'मरियेची स्तोत्रसंहिता' असे दुसरे नाव पडले ते यामुळेच. थोडक्यात, ही माळ ग्रंथाची जागा घेण्यासाठी जन्मली. जुन्या १५ रहस्यांविषयीची आस्था समजून घ्यायची असेल तर हा दुवा ध्यानात ठेवावा लागतो, कारण २० गटांत 'नमो मरिया'ची संख्या २०० होते आणि स्तोत्रांशी असलेले नाते तुटते.

माळा घडविणे हा तेराव्या शतकापर्यंत स्वतंत्र व्यवसाय बनला होता. पॅरिसमधील त्या काळच्या व्यवसायांच्या नोंदवहीत माळा करणाऱ्या कारागिरांचे संघ मालानुसार वेगवेगळे दाखविले आहेत: हाड व शिंग वापरणारे एक, पोवळे व शिंपले वापरणारे दुसरे, अंबर वापरणारे आणखी वेगळे.

संत डॉमिनिक (सुमारे ११७० ते १२२१) यांना मरियेने दर्शन देऊन रोझरी दिली, अशी कथा कॅथलिक जगात सर्वपरिचित आहे आणि असंख्य चर्चमधील चित्रांत ती रंगविलेली आढळते. या कथेला समकालीन पुराव्याचा आधार नाही. डॉमिनिक यांच्या सुरुवातीच्या चरित्रांत रोझरीचा उल्लेख येत नाही. कथेचा प्रसार पंधराव्या शतकात ब्रिटनी प्रांतातील आलाँ द ला रोश या डॉमिनिकन धर्मगुरूने केला. मात्र रोझरी लोकांपर्यंत नेण्याचे काम डॉमिनिकन संघानेच केले, हे निर्विवाद आहे. त्या अर्थाने कथा अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

प्रार्थनेला चिंतनाची जोड देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर प्रशियाचा डॉमिनिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्थुसियन मठवासीकडे जाते. नामसाधर्म्यामुळे त्याचा व संत डॉमिनिक यांचा घोटाळा होऊ नये. ट्रियर येथील मठात १४१० च्या सुमारास त्याने ५० 'नमो मरिया'ला येशूच्या जीवनातील ५० प्रसंगांची छोटी वाक्ये जोडली. एवढी वाक्ये पाठ करणे सामान्यांना जड जात असल्याने पुढे दहा प्रार्थनांना एक प्रसंग हे सुटसुटीत प्रमाण रूढ झाले.

१४७५ साली कोलोन शहरात याकोब श्प्रेंगर या डॉमिनिकन मठप्रमुखाने रोझरीचे भक्तमंडळ स्थापन केले. त्या काळातील बहुतेक धार्मिक मंडळांना वर्गणी असे. या मंडळाला नव्हती. नाव नोंदवायचे आणि ठरलेली प्रार्थना म्हणायची, इतकेच. स्त्रिया, नोकरचाकर, गरीब सर्वांना प्रवेश होता. रोझरी अल्पावधीत युरोपभर पसरली त्याचे हे एक साधेसे कारण.

'नमो मरिया' प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातील दोन अभिवादनांवर आधारलेला आहे: गब्रिएल दूताचे (१:२८) व अलिशिबेचे (१:४२). कित्येक शतके प्रार्थना एवढीच होती. पाप्यांसाठी मरणसमयी विनंती करण्याची याचना असलेला उत्तरार्ध नंतर जोडला गेला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात त्याला आजचे रूप मिळाले.

ख्रिस्तसभेची मान्यता आणि सण

लोकांत रुजलेल्या या भक्तीला पोप पाचवे पायस यांनी १५६९ च्या आज्ञापत्राने अधिकृत रूप दिले. दोन वर्षांनी, ७ ऑक्टोबर १५७१ रोजी, लेपांतोच्या समुद्रात ऑटोमन आरमार व ख्रिस्ती राष्ट्रांचे संयुक्त आरमार यांत लढाई होऊन ऑटोमनांचा पराभव झाला. पोपने विजयाचे श्रेय रोझरीला दिले व त्या दिवशी सण नेमला. १५७३ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्याला रोझरीचा सण हे नाव दिले. १७१६ मध्ये तो सर्व कॅथलिक ख्रिस्तसभेला लागू झाला. सणाची ही युद्धस्मृती प्रार्थनेच्या शांत स्वभावाशी जुळत नाही. अलीकडच्या पोपांनी रोझरी ही शांततेसाठीची प्रार्थना असल्यावर भर दिला आहे.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना मानण्याच्या प्रथेला पोप तेरावे लिओ यांच्यामुळे बळ मिळाले. १८८३ पासून त्यांनी या विषयावर अनेक परिपत्रके काढली. पोर्तुगालमधील फातिमा येथे १९१७ साली तीन मेंढपाळ मुलांनी सांगितलेल्या मरियेच्या दर्शनांतही रोज रोझरी म्हणण्याचा संदेश होता, आणि विसाव्या शतकातील तिच्या प्रसारात या घटनेचा वाटा मोठा आहे.

धर्मगुरूंवाचून

धर्मगुरूंवर बंदी आली तेव्हा रोझरीचे खरे सामर्थ्य दिसून आले. इंग्लंडमध्ये १५४७ च्या राजाज्ञेने माळेवर प्रार्थना करण्याचा निषेध केला, तर १५७१ च्या कायद्याने रोममधून आशीर्वादित माळा आणणे गुन्हा ठरविले. आयर्लंडमध्ये कॅथलिकविरोधी कायद्यांच्या काळात एकाच गटाची, दहा मण्यांची, एका टोकाला क्रूस व दुसऱ्या टोकाला कडी असलेली छोटी सर वापरात होती. ती बाहीत सहज लपे. कडी अंगठ्यात घालून पहिला गट म्हणायचा, मग ती पुढच्या बोटात सरकवायची. पाच बोटे झाली की पाच गट पूर्ण.

जपानची हकीकत याहून विलक्षण आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून जपानला पोहोचले आणि तेथे कॅथलिक पंथाचा पाया घातला गेला. १६१४ मध्ये देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले किंवा मारले गेले. नागासाकी परिसरातील काही कुटुंबे सुमारे अडीच शतके बाप्तिस्मा व तोंडी प्रार्थना यांच्या बळावर गुप्तपणे ख्रिस्ती राहिली. १८६५ मध्ये नागासाकीत नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये त्यांच्यापैकी काहीजण आले आणि त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूला मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. रोझरीच्या १५ रहस्यांची जपानी पद्धतीने रंगविलेली चित्रे ओसाकाजवळच्या इबाराकी भागातील घरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडली. धर्मग्रंथ व शिक्षक दोन्ही नसताना ही पंधरा चित्रे म्हणजे येशूचे संपूर्ण चरित्रच होते.

आक्षेप

प्रोटेस्टंट पंथांनी रोझरी स्वीकारली नाही. मरियेकडे मध्यस्थी मागण्याला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. शिवाय प्रार्थनेत निरर्थक शब्दांची पुनरावृत्ती करू नये, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील (६:७) येशूचा उपदेश ते पुढे करतात. कॅथलिकांचे उत्तर असे की, तेथे निषेध निरर्थकतेचा आहे, पुनरावृत्तीचा नव्हे. १३६ व्या स्तोत्रात तर एकच ध्रुवपद सर्व २६ ओव्यांत येते. मरियेची आराधना होत नसून तिला आपल्यासाठी विनंती करण्यास सांगितले जाते, असाही खुलासा ते करतात.

पुनरावृत्ती यांत्रिक होण्याचा धोका मात्र कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनीही नाकारलेला नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या मरियाभक्तीविषयक पत्रात चिंतन वजा केल्यास रोझरी निष्प्राण होते असे बजावून ती संथपणे म्हणण्याचा आग्रह धरला. घाईघाईने उरकलेल्या रोझरीविषयीच्या तक्रारी घराघरांत ऐकू येतात, त्यामुळे हा इशारा अनाठायी म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्माची ओळख पुष्कळदा रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातून होते. हे दोघे प्रोटेस्टंट परंपरेतील होते. त्यामुळे रोझरी ही सर्वच ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आहे, किंवा ती मराठी ख्रिस्ती जीवनात नाहीच, हे दोन्ही समज चुकीचे ठरतात.

गोवा, वसई आणि मुंबई

पोर्तुगीज अमलाबरोबर रोझरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. जुन्या गोव्यातील टेकडीवर उभे असलेले रोझरी मातेचे चर्च गोव्यातील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे. कोकणीत रोझरी मातेला 'रुजाय सायबीण' म्हणतात. 'सायबीण' हा मूळचा यजमानीणवाचक शब्द येथे मरियेचे लाडके नाव झाला आहे.

गोव्यातील कॅथलिक घरांत तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाल्यावर देव्हाऱ्यासमोर तेर्स म्हणण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेर्स संपल्यावर मुले वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात. गावातील क्रुसापाशी जमून मरियेची आळवणी गायली जाते तिला 'लदीन' म्हणतात. वसई परिसरातील आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतील कॅथलिकांतही क्रुसापाशी जमण्याची रीत असून ऑक्टोबर महिन्यात घरोघरी किंवा आळीआळीने रोझरी होते. दूरचित्रवाणी व कामाच्या बदललेल्या वेळा यांमुळे रोजचा पाठ पुष्कळ घरांत मागे पडला आहे. ऑक्टोबर तेवढा टिकून आहे.

नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय खलाशांनी, आचाऱ्यांनी व वादकांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने 'कूड' उभारले. अल्प भाड्यात राहण्याची सोय करणाऱ्या या वसतिगृहांत प्रत्येकाची एक पेटी आणि सर्वांचा मिळून एक देव्हारा असे. संध्याकाळच्या तेर्सला हजर राहणे हा कुडाच्या नियमांचा भाग होता. जहाज मिळेपर्यंत महिनोन्‌महिने बंदराची वाट पाहणाऱ्या माणसाला गावातल्या घराची संध्याकाळ तेथे भेटत असे.

इतर जपमाळा

हिंदू व बौद्ध जपमाळेत बहुधा १०८ मणी असतात, इस्लामी तस्बीहमध्ये ९९ किंवा ३३. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक मण्यांऐवजी लोकरीच्या गाठींची दोरी वापरतात. क्रुसेड युद्धांच्या काळात माळेची कल्पना मुसलमानांकडून युरोपात गेली असे मत मांडले गेले आहे, पण ते सिद्ध झालेले नाही. गोडायव्हाची माळ त्या युद्धांपूर्वीची आहे. हिंदू जपात मेरुमणी ओलांडत नाहीत, तेथून माळ उलट फिरवितात. रोझरीत मेरुमणी नाही. वर्तुळ पूर्ण करून पुन्हा पदकापाशी यावयाचे असते, आणि सर्व मण्यांवर एकच मंत्र नसून मण्यागणिक प्रार्थना बदलते.

वारकऱ्यांची तुळशीची माळ गळ्यात असते आणि ती व्रताची खूण असते. रोझरी गळ्यात दागिन्यासारखी घालणे कॅथलिकांत सर्वसाधारणपणे उचित मानले जात नाही. ती खिशात, उशाशी किंवा देव्हाऱ्यात राहते. नवी माळ धर्मगुरूकडून आशीर्वादित करून घेतात. आशीर्वादित माळ तुटून निकामी झाल्यास कचऱ्यात न टाकता पुरतात किंवा जाळतात. मृत व्यक्तीच्या हातांत तिची नेहमीची माळ गुंडाळून ती शवपेटीबरोबर जाऊ देण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे.